गुरुवारचा सुरुंग

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाराखडीचं पुस्तक नंतर आलं. आमच्या घरी पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. गुलाबी, पिवळे, कधी नुसते मळकट पांढरे. बाबा ती गावोगाव वाटायचे आणि भिंतींवर डकवायचे. खळ शिजवायचं काम आत्याचं. मी त्या गठ्ठ्यांवर पालथी पडून अक्षरं लावायची. 'कमळ' आणि 'बदक' मला पुढे शाळेत भेटले. त्याआधी 'जमीन', 'हक्क' आणि 'जाहीर निषेध' माझ्या ओळखीचे झाले होते.

उरलेली पत्रकं म्हावरेवालीला, म्हणजे मासळीवालीला जायची. ती करंज्याच्या बंदरावरून टेम्पोने यायची आणि आमच्या गावात डोक्यावर पाटी घेऊन फिरायची. सुके बोंबील ती त्याच कागदात बांधून द्यायची. म्हणजे एकच पत्रक आमच्या घरी दोनदा यायचं, एकदा शाईच्या वासाचं आणि एकदा बोंबलाच्या. बाबा दोन्ही वेळा तितक्याच मन लावून वाचायचे.

ती पत्रकं लिहिणारा माणूस एकच होता. गाव त्यांना मास्तर म्हणायचं, मी सर म्हणायचे. पनवेलमध्ये तळ्याजवळच्या एका गल्लीत छापखाना होता, त्याच्या वरच्या खोलीत त्यांचं कार्यालय. निवृत्त शिक्षक. खादीचा सदरा, कानामागे लाल पेन. मी दहावीत असताना बाबांनी मला त्यांच्यापुढे नेऊन बसवलं. "मास्तर, ही लिवते," एवढंच बाबा म्हणाले.

सरांनी मला आमच्या गावाजवळच्या दगडखाणींवर चार ओळी लिहायला सांगितल्या. मी लिहिलं, 'सुरुंगांनी शेकडो घरं जमीनदोस्त झाली.' सरांनी लाल पेन काढलं.

"किती घरं?"

"खूप सर."

"पडलेलं एक दाखव."

"पडलेलं नाही सर, भेगा गेल्यात."

"भेगा गेल्यात. मग भेगा गेल्या असं लिही. पडलेलं घर दाखवा म्हटलं तर कुठून आणशील, बाळा? छापायच्या आधी प्रत्येक वाक्याला विचारायचं, हे मी शपथेवर सांगेन का? नसेल सांगत, तर खोड."

त्यांनी ते वाक्य खोडलं. तो खोडलेला कागद मी पुढे कितीतरी वर्षं दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवला होता. इतर मुली तिथे हिरोंचे फोटो ठेवायच्या. मला या माणसाने खोटं न बोलण्याची रीत शिकवली होती. नीती वेगळी आणि रीत वेगळी. नीती सगळेच सांगतात. हातात पेन घेऊन ती कशी पाळायची, हे त्यांनी दाखवलं होतं. म्हणून पुढचं सगळं मला इतकं लागलं.

आमचं गाव खारघरच्या कडेला, ओवे गावाच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. दोन हजार दहाच्या आगेमागे एका बाजूला टॉवर चढत होते आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्यासाठी डोंगर उतरत होता. खाणी दोन. वरची खाण शाळेच्या अंगाला, खालची आत्याच्या घराच्या अंगाला. शाळेच्या वेळात सुरुंग लावायचे नाहीत असं दोघांनीही कबूल केलं होतं. दोघांनीही ते पाळलं नाही. तक्रार केली की वरचा म्हणायचा, खालच्याने लावला. खालचा म्हणायचा, वरच्याने. डोंगरात आवाज असा घुमायचा की कानाने कुणालाच छातीठोक सांगता यायचं नाही.

मी तेव्हा खारघरच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकत होते. तिथे एका मैत्रिणीने पेन ड्राइव्हवर आवाज संपादित करायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर दिलं. तिला त्यात गाण्यांच्या रिंगटोन कापायच्या होत्या. मी ते उघडलं, माझंच एक वाक्य माइकमध्ये बोलले आणि पडद्यावर त्या वाक्याचा डोंगर उठलेला पाहिला. शब्दांना शिखरं होती. श्वासांना पायथे होते. 'नाही' म्हणताना माझा 'ना' किती उंच जातो ते दिसत होतं. आवाज डोळ्यांनी पाहता येतो, तो मापता येतो, एक दुसऱ्याशेजारी ठेवून पडताळता येतो, हे कळल्यावर माझ्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती खाण.

सरांना मी असं समजावलं. एक रेकॉर्डर शाळेत ठेवायचा आणि एक आत्याच्या माळ्यावर. सुरुंग वरच्या खाणीत उडाला तर आवाज आधी शाळेत पोचेल, मग आत्याकडे. खालच्या खाणीत उडाला तर उलट. दोन्ही रेकॉर्डिंग एकमेकांशी नीट जुळवून ठेवली की कोण खोटं बोलतंय ते डोळ्यांना दिसेल.

"पण जुळवणार कशी?" सरांनी विचारलं. त्यांचे डोळे लहान मुलासारखे झाले होते.

"सूर वाजवून."

सॉफ्टवेअर हवा तो सूर तयार करून देतं. ना गळ्यातला, ना वाद्यातला. पडद्यावर बघितलं तर एकसारख्या कमानींची रांग. मी ओळखीच्या दोघांकडून एकेक रेकॉर्डर उसना आणला, तसा एक सूर बनवला आणि मोबाइलमध्ये भरला. रोज सकाळी दोन्ही रेकॉर्डर ओट्यावर शेजारी ठेवून चालू करायचे, सूर वाजवायचा, मग एक शाळेत, एक आत्याकडे. संध्याकाळी दोन्ही परत आणायचे आणि पुन्हा तोच सूर. कारण दोन यंत्रांची घड्याळं एकसारखी चालत नाहीत. दिवसभरात एक पुढे सरकतं. सकाळचा सूर सुरावर बसवला आणि संध्याकाळचा बसला नाही, तर तेवढंच ताणून घ्यायचं. मग मधला अख्खा दिवस जागच्या जागी बसतो.

आत्याला त्या सुराचा भारी राग.

"काय गो, तुजी शिट्टी ऐकून कावले पन पलाले. आता पितरांना घास कोन शिववंल?"

"आत्या, हळू. तुझं बोलणंही आत जातंय."

"जाऊ दे ना. साहेबाला समजूं दे, आमी झोपलेलो नाय." आणि रेकॉर्डरकडे वाकून, "साहेब, ऐकतंय ना? भित बगाया ये एकदा. चा पाजीन."

तिच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत भेग गेली होती. त्या भेगेत ती कंगवा खोचून ठेवायची. म्हणायची, सरकारने फुकट फडताळ करून दिलंय.

रेकॉर्डिंग चालू झालं. काही दिवस काहीच व्हायचं नाही. नुसती शाळेतली कविता, कोंबड्या, डंपर. मग एखाद्या दिवशी सुरुंगाआधीचा इशाऱ्याचा भोंगा, पळभर शांतता आणि पडद्यावर काळा खांब. शाळेच्या पट्टीवर आधी, आत्याच्या पट्टीवर किंचित नंतर. वरची खाण. पुन्हा एकदा, वरचीच. एकदा मात्र आत्याची पट्टी आधी. मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या होत्या. कुणाला तरी रंगेहाथ पकडणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. आणि ते मी कुणाला शिवी न देता, घोषणा न देता, फक्त दोन आवाज एकमेकांशेजारी ठेवून केलं होतं.

सरांनाही शिकायचं होतं. त्यांच्या कार्यालयात एक जुना कॉम्प्युटर होता, त्यावर मी सॉफ्टवेअर टाकून दिलं. शनिवारी दुपारी मी त्यांना शिकवायची. हा तुकडा निवडायचा. हा कापायचा. हा इथून उचलून तिथे ठेवायचा. ते माउस असा धरायचे जसा काही तो उडून जाईल.

"बाळा, सत्तर वर्षांचं बोट आहे. दमाने."

"सर, तुम्ही मला र्‍हस्व-दीर्घ शिकवताना दम धरला होता का?"

ते खोखो हसायचे. त्या शनिवारांइतकं सुख मला नंतर फार कमी वेळा मिळालं.

आणि मग तो गुरुवार आला. मार्गशीर्षातला. आदल्या दिवशी सकाळपासून गावाची वीज गेली होती आणि रात्रभर आली नव्हती. रेकॉर्डरचे सेल चार्ज झाले नव्हते. म्हणून गुरुवारी दोन्ही रेकॉर्डर आमच्या फडताळात मुके पडून होते. नेमक्या त्याच दिवशी शाळा भरलेली असताना सुरुंग उडाला. एक दगड शाळेच्या पत्र्यातून खाली आला आणि पाण्याच्या पिंपात पडला. कुणाला लागलं नाही. पोरं ओली झाली. बाई रडत होत्या. सगळ्यांत मोठा सुरुंग, सगळ्यांत मोठा पुरावा, आणि माझ्याकडे त्याचा आवाज नव्हता.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी लाल पेन काढून पुन्हा कानामागे खोचलं. मग म्हणाले, "असो. आहे तेवढं पुरेल."

सुनावणी ठरली. तालुक्याच्या कार्यालयात दोन्ही खाणवाले, त्यांचे वकील आणि आमचं गाव साहेबांपुढे बसणार होते. मी माझी रेकॉर्डिंग दिवसवार लावून सरांना दिली. सरांनी त्यांची सीडी केली आणि सुनावणीच्या चार दिवस आधी ती मला देऊन ते म्हणाले, पत्रकारांसाठी हिच्या प्रती काढून आण.

प्रती काढण्याआधी सगळ्या फायलींचे सूर जुळतात का ते मी सवयीने तपासत होते. यादीत गुरुवार होता.

मला आधी आनंद झाला. खरंच. वाटलं, कुणीतरी दुसरं त्या दिवशी रेकॉर्ड करत होतं. शाळेतल्या बाईंच्या मोबाइलवर असेल. मी कानात इअरफोन घातले.

सकाळचा माझा सूर. कोंबड्या. भोंगा. शांतता. सुरुंग. आणि सुरुंग विरल्यावर, लांबून, पाटीवाल्या बाईची हाळी: "म्हावराऽऽ... बोंबील, मांदेलीऽऽ!"

मार्गशीर्षातल्या गुरुवारी आमच्या गावात मासळी शिजत नाही. कुणाच्याच घरी नाही. बायका घट मांडतात, उपवास करतात. करंज्याची ती बाई त्या दिवशी आमच्या वाटेला फिरकतही नाही. आली असती तर आत्याने तिला पाटीसकट माघारी धाडलं असतं.

मी ती हाळी पुन्हा एकदा ऐकली. मी आदल्या आठवड्यातल्या बुधवारची फाइल काढली. वरच्या खाणीचा सुरुंग, त्यामागे हीच हाळी. तरी मला खात्री करून घ्यायची होती. तशी खात्री करायची एक पद्धत आहे. एका आवाजाची लाट उलटी करायची, म्हणजे जिथे शिखर तिथे दरी आणि जिथे दरी तिथे शिखर. मग ती दुसऱ्या आवाजावर बरोब्बर बसवायची आणि दोन्ही एकदम वाजवायचे. आवाज दोन असतील तर गोंगाट उरतो. अगदी एकच माणूस एकच वाक्य दोनदा बोलला तरी काहीतरी उरतं, कारण कुणीच दोनदा तंतोतंत सारखं बोलत नाही. पण जर एकच आवाज दोन ठिकाणी ठेवलेला असेल, तर तो स्वतःला पुसून टाकतो.

मी दोन्ही बसवले. वाजवले.

काही नाही. कोंबड्या नाहीत, भोंगा नाही, सुरुंग नाही, मासळी नाही. पडद्यावर एक सरळ रेघ. माझं अख्खं गाव त्या रेघेत गेलं होतं.

आणि ही नक्कल करणारा हात कुणाचा, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. हा तुकडा निवडायचा. इथून उचलायचा. तिथे ठेवायचा.

मी आधी बाबांकडे गेले. ते अंगणात दोरी वळत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी दोरी वळणं थांबवलं नाही.

"गुरवारी सुरुंग उडला का नाय?"

"उडाला बाबा."

"पत्र्याला भोक पडला का नाय?"

"पडलं."

"मंग खोटा काय हाय त्याच्यान? मास्तरांनी खऱ्याचाच आवाज लावलाय."

"तो वरच्या खाणीचा आवाज आहे. गुरुवारचा कुणी उडवला ते आपल्याला माहीत नाही. खालच्याने उडवला असेल तर?"

"दोगं पन चोरच."

"पण बाबा, आपण काय सिद्ध करायला निघालो होतो?"

त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "पोरी, तू शिकलीस मास्तरांकडं. आता मास्तरांना शिकवू नको."

दुसऱ्या दिवशी मी पनवेलला गेले. सर प्रूफं तपासत होते, लाल पेनने. मी उभ्यानेच म्हटलं, "सर, गुरुवारची फाइल."

त्यांनी पेन खाली ठेवलं. नाकारलं नाही. मला वाटतं, नाकारलं असतं तर बरं झालं असतं.

"बस बाळा."

"नको."

"तू पाहिलंस ना पत्र्याचं भोक? सगळ्या गावाने पाहिलं. सत्य आपल्याकडे आहे. फक्त त्याला आवाज नव्हता. तो मी दिला."

"दुसऱ्या दिवसाचा दिला."

"ते लोक काय करतात ते तुला माहीत आहे? ते पंचनामे बदलतात. आणि आपण हातात फूटपट्टी घेऊन लढायचं?"

"ती फूटपट्टी तुम्हीच दिलीत मला."

त्यांनी प्रूफं बाजूला सारली. खालून छापखान्याचं यंत्र चालल्याचा आवाज येत होता. मग ते उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि अगदी थकलेल्या आवाजात म्हणाले, "बरं. तुझं बरोबर आहे. तुझी मूळचीच देतो. गुरुवार काढतो. झालं समाधान?"

झालं होतं. इतकं झालं होतं की परत येताना मला रडू आलं, आणि ते त्यांच्याबद्दलच्या प्रेमाने आलं. मला वाटलं, माणूस चुकतो. पण माझा माणूस चूक दाखवली की ती खोडतो. लाल पेन स्वतःवरही चालवतो. सरळ सांगते, त्या संध्याकाळइतका मी त्यांचा आदर कधी केला नव्हता.

सुनावणीला आमचं गाव टेम्पो करून गेलं. बायका हिरव्या-पिवळ्या नऊवारीत, आत्या सगळ्यांत पुढे. साहेब समंजस वाटले. त्यांनी स्पीकर मागवले. सरांनी सीडी दिली. पहिली फाइल, दुसरी फाइल. दोन पट्ट्या जुळवून कसं ओळखायचं ते मी उठून सांगितलं आणि साहेबांनी मान डोलावली. वरच्या खाणीचा वकील कागद चाळायला लागला होता. आत्याने लांबूनच कानशिलांवर कडाकडा बोटं मोडून माझी दृष्ट काढली.

मग सर म्हणाले, "आणि साहेब, आता सगळ्यांत गंभीर. गुरुवार. शाळेवर दगड पडला तो दिवस."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

काही क्षण मला हेच कळेना की मी ऐकलं ते खरं आहे का. स्पीकरमधून भोंगा वाजला. सुरुंग उडाला. खोली हादरली. साहेबांच्या कपाळावर आठी आली. ती आमच्या बाजूची आठी होती. आणि मग, मी जिची वाट पाहत होते ती हाळी: "म्हावराऽऽ... बोंबील, मांदेलीऽऽ!"

मागच्या बाकावरून एक बाई खुदकन हसली. तिच्या शेजारणीने कोपर मारलं.

"गुरवारी म्हावरा? मार्गेसरान? कोनाचे घरान गो?"

"तुज्याच घरान असंल. उपासाला मांदेली."

हसू बाकाबाकांवरून पसरलं. त्यांना काही बिघडवायचं नव्हतं. एखाद्या लग्नात भटजी चुकला की हसतात तसं त्या हसल्या. आणि मग त्यांना आपणच काय बोललो ते कळलं आणि एकदम सगळ्या गप्प झाल्या. पण वकील उठला होता.

"साहेब, या भगिनी काय म्हणाल्या ते नोंदवून घ्यावं. गुरुवारी गावात मासळीवाली येत नाही. मग हे रेकॉर्डिंग कुठल्या दिवसाचं?"

साहेबांनी सरांकडे पाहिलं. सर उभे राहिले. सदरा नीट केला. मी अजूनही, त्या क्षणापर्यंत, वाट पाहत होते की ते म्हणतील, साहेब, हे माझं काम, बाकीचं खरं आहे.

"साहेब," ते म्हणाले, "तांत्रिक बाजू सगळी ही मुलगी बघते. माझं वय झालं, मला त्यातलं कळत नाही. लहान आहे. उत्साहाच्या भरात काही झालं असेल तर..."

त्यांचा आवाज अजिबात कापला नाही. मला आवाज वाचता येतात. त्यात एकही खाच नव्हती.

मी उठले. म्हटलं, "गुरुवारची फाइल मी केलेली नाही. त्या दिवशी आमचे रेकॉर्डर बंद होते. बाकी सगळ्या फायली खऱ्या आहेत. मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे आहेत, आत्ता तपासा."

वकील माझ्याकडे वळला. फार सौम्यपणे. "म्हणजे या सीडीत एक फाइल बनावट आहे, हे तुम्ही मान्य करता?"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. बाबा खाली बघत होते. 'नाही' म्हटलं असतं तर सीडी कदाचित वाचली असती. मासळीवाली चुकून आली असेल, असं काहीही म्हणता आलं असतं. मी स्वतःला विचारलं, हे मी शपथेवर सांगेन का?

"हो," मी म्हटलं.

साहेबांनी सीडी यंत्रातून काढून पाकिटात घातली. मूळ रेकॉर्डिंगचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. एक फाइल बनावट असेल तर बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा, असं म्हणाले. त्यात त्यांचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही. वरचा खाणवाला आणि खालचा खाणवाला जिन्यात एकमेकांना तंबाखू देत होते.

टेम्पोत माझ्याशी कुणी बोललं नाही. गाव जवळ आल्यावर आत्याच म्हणाली, "तू गप रायली असतीस तर?" रागाने नाही. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

"तर तो खोटा सुरुंग माझा झाला असता, आत्या."

"आता तरी कोनाचा झाला?"

 गावासाठी तो माझाच झाला होता. मास्तरांनी सांगितलं होतं आणि मास्तर खोटं बोलत नाहीत. ओट्यावरच्या पोरी मला बघून तोंडाने शिट्टी वाजवायच्या, माझ्या सुराची नक्कल. सरांचं पुढचं पत्रक गुलाबी आलं. खाणवाल्यांचा निषेध, लढा चालूच राहील, आणि तळाशी एक ओळ: 'काही तांत्रिक चुकीमुळे सादर केलेला पुरावा ग्राह्य धरला गेला नाही.' तांत्रिक चूक. मी त्या दोन शब्दांकडे इतका वेळ बघत राहिले की ते मला माझं नाव वाटायला लागले.

सरांचा फोन आला. एकदाच. "बाळा, चळवळीसाठी कधीकधी एकाला सोसावं लागतं. तू समजून घेशील म्हणूनच..." मी फोन ठेवला. खाणवाल्यांचा मला राग येतो, पण त्यांनी माझा विश्वासघात केलेला नाही. त्यांनी मला कधी काही शिकवलंच नव्हतं.

मग मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. कुणाचं नाव घातलं नाही. लिहिलं की गुरुवारची फाइल ही आदल्या आठवड्यातल्या बुधवारची नक्कल आहे आणि ती मी केलेली नाही. लिहिलं की वरच्या खाणीने शाळेच्या वेळात सुरुंग लावले आहेत आणि खालच्या खाणीनेही, आणि त्याचे आवाज माझ्याकडे आहेत. कुणीही यावं, ऐकावं, पडताळावं. लिहिलं की गुरुवारी दगड पडला हे खरं आहे आणि तो कुणी पाडला ते मला माहीत नाही. प्रत्येक वाक्याला तो प्रश्न विचारला. खारघरला जाऊन झेरॉक्स काढल्या. बाबांपुढे गठ्ठा ठेवला. ते म्हणाले, "मी नाय लावनार." आयुष्यभर भिंतींना कागद लावलेला माणूस. खळ आत्याने शिजवून दिली, न बोलता, आणि मी एकटीने डकवली. दुपारपर्यंत निम्मी फाडलेली होती. कुणी फाडली ते मी शोधलं नाही. मला भीती होती की कळेल.

उरलेला गठ्ठा मी म्हावरेवालीला दिला.

पुढच्या बुधवारी बाबांनी बोंबील आणले. जेवायला बसायच्या आधी त्यांनी पुडी सोडली, आणि त्यांची जुनी सवय, कागद मांडीवर पसरला. माझं पत्रक. मी आतून बघत होते. ते सावकाश, ओठ हलवत, वरपासून खालपर्यंत वाचत गेले. तेलकट डाग पडला होता तिथे कागद उजेडासमोर धरून वाचला.  मला फक्त एवढंच हवं होतं, त्यांनी वर बघावं.

त्यांनी कागदाची नीट घडी केली.

"मास्तरांना वाईट वाटंल," ते म्हणाले, आणि ताट पुढे ओढलं.

त्याच वेळी शाळेच्या अंगाने भोंगा वाजला. शाळा भरलेली होती. मांडणीवरची भांडी थरथरली, आत्याच्या घराकडून तिच्या शिव्या ऐकू आल्या, बाबांचा हात घासासकट क्षणभर ताटावर थांबला, मग पुन्हा चालू झाला. दोन्ही रेकॉर्डर मी सुनावणीच्या दुसऱ्याच दिवशी ज्याचे त्याला परत केले होते. तो सुरुंग कुणाकडेच नाही.